घट्ट आहे, पण दुखतंय का?

शोरूममध्ये माझ्या पुढे एक काका होते आणि सोबत त्यांची मुलगी. सेल्समननं टेप काढून काकांचं डोकं मोजलं, त्या मापाचं हेल्मेट काढून दिलं, काकांनी ते कसंबसं आत ढकललं आणि पाच सेकंदांच्या आत "काढ काढ, गुदमरतंय" म्हणत उपसून बाहेर काढलं. कान लाल, केस उभे, चष्मा हातात. मग एक साइज मोठं आलं. ते असं अलगद उतरलं डोक्यावरून की काकांचा चेहराच खुलला. "हं, आता कसं मोकळं वाटतंय. डोक्याला आराम पाहिजे." मुलगी म्हणाली, "बाबा, जरा मान हलवून बघा ना." काकांनी मान डावीकडे वळवली, हेल्मेट जरा उशिरानं वळलं. मान खाली घातली तर पुढची कड नाकाच्या दिशेनं घसरली. "स्ट्रॅप लावला की बसेल नीट," काका म्हणाले. सेल्समन तोवर बिल करायला वळला होता, मुलीनं माझ्याकडे बघून विचारलं, "चालेल ना हो?" मी म्हटलं, आधीचं परत एकदा घालून बघा, फक्त थोडा जास्त वेळ ठेवा डोक्यावर. काका हसले. "तुम्हीच घाला ते, मला नको." आणि विषय संपला, हेल्मेट पिशवीत गेलं.

मला ते प्रकरण पुढे बरेच दिवस टोचत राहिलं, आणि टोचायचं कारण हे नाही की काका हट्टी होते. कारण हे की ते खोटं बोलत नव्हते. त्या मिनिटाला मोठं हेल्मेट खरंच जास्त आरामदायी होतं. कुणालाही विचारा, गाल दाबणारं, कान दुमडणारं, घालताना कपाळाची कातडी वर ओढणारं काहीतरी एका बाजूला आणि टोपी ठेवल्यासारखं अलगद बसणारं दुसऱ्या बाजूला, माणूस काय निवडेल? पण हेल्मेटचा आराम त्या मिनिटाचा नसतोच. तो असतो गाडीवर तासभर बसल्यानंतरचा, समोरून वारा येत असताना, उन्हात, मान थोडी अवघडलेली असताना. सैल हेल्मेट तेव्हा आपले रंग दाखवायला लागतं. वेग वाढला की वारा हनुवटीखालून आत शिरतो आणि ते वर उचलू बघतो, मान वळवून मागे बघितलं की वारा त्याला बाजूनं धरतो, ते सतत बारीक बारीक हलत राहतं आणि आपण नकळत जबडा आवळून, मान ताठ करून त्याला जागेवर धरून बसतो. दर थोड्या वेळानं डावा हात वर जातो आणि हेल्मेट मागे ढकलतो. तुम्ही रस्त्यावर बघा कधीतरी, हे डाव्या हातानं हेल्मेट मागे ढकलणं इतक्या लोकांच्या अंगवळणी पडलंय की त्यांना ते आपण करतोय हेसुद्धा कळत नाही. आणि दुकानात ज्यानं गाल दाबले होते ते बरोबर मापाचं हेल्मेट? ते अर्ध्या तासात विसरायला होतं.

आपल्याकडे मुलांना कपडे घेताना वाढत्या अंगाचे घेतात ना, तसंच मोठी माणसं वाढत्या अंगाचं हेल्मेट घेतात. गंमत म्हणजे मोठ्या माणसाचं डोकं काही वाढत नाही, वाढतं ते हेल्मेट. आतलं मऊ फोमचं अस्तर रोजच्या वापरानं दबतं, गालाकडचे पॅड पहिल्या काही आठवड्यांतच चेहऱ्याप्रमाणे बसतात आणि नवीन असताना जे जरा जास्तच घट्ट होतं ते बरोबर होतं. म्हणजे नवीन असताना जे बरोबर वाटतं ते वर्षभरानं सैल होणार, आणि नवीन असतानाच जे सैल आहे त्याचं काय होणार ते सांगायला नको.

लहानपणी वडिलांचं हेल्मेट घरात दाराजवळच्या कपाटावर असायचं. ते खाली काढून डोक्यात घालायचं हा माझा ठरलेला उद्योग. आत एकदम अंधार, घामाचा आणि जुन्या फोमचा एक कोंदट वास, आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज एवढा मोठा की कुणीतरी शेजारी बसून श्वास घेतंय असं वाटायचं. त्यातली सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे मी आतल्या आत डोकं फिरवायचो आणि हेल्मेट जागच्या जागी राहायचं. मान पूर्ण उजवीकडे वळवली की डोळ्यासमोर काच नाही, नुसतं काळं अस्तर. मी खिदळायचो. वडील एकदा म्हणाले होते, "तुझं डोकं आत राहायला गेलंय, हेल्मेट काही तुझं झालेलं नाही." मोठेपणी हेल्मेटची फिटिंग कशी तपासायची हे वाचलं तेव्हा कळलं की पहिली टेस्ट हीच आहे. हेल्मेट दोन्ही हातांनी घट्ट धरायचं आणि आत डोकं डावी-उजवीकडे वळवायचा प्रयत्न करायचा. डोकं फिरलं आणि हेल्मेट नाही फिरलं तर ते मोठं. डोकं जवळजवळ फिरलंच नाही आणि उलट हेल्मेट हातानं फिरवल्यावर गाल आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली, तर बरोबर. कातडी ओढली जायलाच हवी, हेच लोकांना पटत नाही.

टेपचं माप हा नुसता पत्ता आहे, घर सापडलं असं नाही. भुवयांच्या वर दोन-अडीच सेंटिमीटरवरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सगळ्यात फुगीर भाग असतो तिथून टेप फिरवायची, दोन-तीनदा मोजून सगळ्यात मोठा आकडा धरायचा, आणि त्या आकड्याप्रमाणे कंपनीच्या तक्त्यात साइज बघायची. एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीच्या लार्जच्या जवळ जातं, एवढंच नाही तर एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक पडतो. आणि आकडा सांगतो तो फक्त घेर. दोन माणसांचा घेर ५८ सेंटिमीटर असू शकतो आणि तरी एकाचं डोकं वरून बघितलं तर पुढून मागे लांबट आणि दुसऱ्याचं जवळपास गोल. आपलं डोकं वरून कसं दिसतं हे आपल्यापैकी कुणीच बघितलेलं नसतं! केस ओले करून चपटे बसवायचे आणि घरातल्या कुणालातरी वरून फोटो काढायला सांगायचा. मी काढून घेतला. आरशात रोज दिसणाऱ्या चेहऱ्याशी त्या आकाराचा काही संबंधच लागेना, मी स्वतःला गोल डोक्याचा समजत होतो आणि निघालो चांगलाच लांबट. हेल्मेट बनवणारे साधारण तीन आकार धरून चालतात, लांबट, मधला आणि गोलाकार. बाजारात जास्त करून मधलाच, कारण बहुतेकांचं डोकं त्यात बसतं. आपण त्या बहुतेकांत आहोत की नाही हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

आणि इथेच सगळा गोंधळ होतो.

लांबट डोक्याचा माणूस गोलाकार हेल्मेट घालतो तेव्हा कपाळावर आणि मागे दाब येतो, बाजूला मात्र कानांच्या वर पोकळी राहते. गोल डोक्याच्या माणसाला लांबट हेल्मेट घातलं तर उलटं, कानशिलं आवळली जातात आणि कपाळापुढे जागा. सुरुवातीला हे कळत नाही. पहिली पाच-दहा मिनिटं सगळं ठीक, मग कपाळाच्या मधोमध एका नाण्याएवढ्या जागेत काहीतरी जाणवायला लागतं, दुखणं म्हणावं असंही नाही, मग ती जागा गरम होते, मग ठणकायला लागते आणि शेवटी माणूस सिग्नलला थांबलेला असताना बोट घालून अस्तर पुढे ओढतो. घरी येऊन हेल्मेट काढलं की कपाळावर लाल वण. मग हा माणूस काय करतो, एक साइज मोठं घेतो. कपाळाचा दाब थोडा कमी होतो, पण बाजूची पोकळी आणखी वाढते, आणि आता ते दुखतंही थोडं आणि हलतंही. त्याला वाटतं हेल्मेट म्हटलं की हे आलंच. खरं म्हणजे त्याला साइज बदलायचीच नव्हती, मॉडेल बदलायचं होतं. कितीतरी लोकांचा "मला हेल्मेट सहनच होत नाही" हा वैताग मुळात असा असावा असं मला वाटायला लागलंय. त्यांना हेल्मेट नाही, दुसऱ्याच्या आकाराचं हेल्मेट सहन होत नाही.

घट्ट असणं आणि दुखणं यातला फरक ओळखायला मला वेळ लागला, पण एकदा कळल्यावर तो अगदी सरळ आहे. घट्टपणा सगळीकडून सारखा येतो, टाळूला अस्तर टेकलेलं, कपाळाला टेकलेलं, मागे टेकलेलं, गाल थोडे वर उचललेले, बोलताना गालाची आतली बाजू दाताखाली येईल की काय असं वाटावं इतपत. बोललात तर शब्द जरा चेपून बाहेर येतात. हे सगळं चालतं. दुखणं एका जागी येतं. डोळे मिटून स्वतःला विचारायचं की आत्ता मला हेल्मेट कुठे जाणवतंय? उत्तर "सगळीकडे" असेल तर ते चालेल. बोट ठेवून जागा दाखवता येत असेल तर ते परत द्या. गालाचा घट्टपणा वापरून जातो, कपाळावरचा ठणका सहसा जात नाही, कारण तिथे मऊ अस्तराच्या अगदी मागे थर्माकोल असतो आणि तो काही तुमच्यासाठी आकार बदलणार नाही.

या थर्माकोलबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण हेल्मेटमध्ये वाचवणारी गोष्ट मुख्यतः हीच आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही. टीव्हीच्या खोक्यात येतो तोच पदार्थ, फक्त ठरावीक घनतेचा. बाहेरचं कवच दगड-खिळ्यासारखं काही आत घुसू देत नाही, धक्का मोठ्या जागेवर पसरवतं आणि रस्त्यावर घसरतं. आपण बोटांनी दाबून "वा, काय मऊ आहे" म्हणतो ते अस्तर नुसतं आरामासाठी. त्या दोघांच्या मधला तीनेक सेंटिमीटरचा थर्माकोल चिरडला जातो आणि त्या चिरडण्यात डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. बस एवढंच. एकदा चिरडला की तो परत फुगत नाही, बाहेरून हेल्मेट धडधाकट दिसत असलं तरी आतलं काम संपलेलं असतं, म्हणून अपघातानंतर ते टाकायचं असतं. युरोपच्या २२.०५ या जुन्या हेल्मेट-मानकाच्या चाचणीत हेल्मेट ऐरणीवर आपटायचा वेग होता सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्रावलो, आपण ऐंशीनं जातो आणि चाचणी सत्तावीसवर? मग हिशोब लागला. पडताना डोकं रस्त्यावर आपटतं तो वेग मुख्यतः उंचीवरून ठरतो, पुढे जायचा वेग बराचसा घसरण्यात जातो, आणि ताशी २७ म्हणजे जवळपास तीन मीटर उंचीवरून पडणं. अर्थात घसरताना समोर खांब आला तर हे सगळं गणित बाजूला राहतं. नव्या २२.०६ मध्ये एकाऐवजी कमी-जास्त वेगांवर आपटून बघतात, आणि तिरक्या आघातानं डोकं कसं गरकन फिरतं तेही मोजतात.

हे सगळं सुरू कुठून झालं ती गोष्ट मला फार चटका लावणारी वाटते. १९३५ च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स हा ब्रिटिश लष्करी अधिकारी, ज्याला जग लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ओळखतं, आपल्या ब्रफ सुपीरियर मोटरसायकलवरून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून गेला, वय ४६. त्याला बघायला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा एक तरुण न्यूरोसर्जन होता, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. केर्न्स मग या विषयाच्या मागेच लागला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे निरोप पोचवणारे मोटरसायकलस्वार लढाईत नाही तर रस्त्यावर डोकी फुटून मरत होते. १९४१ साली त्यानं लिहिलेल्या लेखात हेल्मेट घातलेल्या जखमी स्वारांच्या फक्त ७ केसेस होत्या, आणि सातही जण वाचले होते. त्याच वर्षी सैन्यानं त्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सर्वसामान्य ब्रिटिश दुचाकीस्वारांना ती सक्ती व्हायला मात्र १९७३ उजाडलं. मधल्या काळात, १९५३ मध्ये, अमेरिकेत लोम्बार्ड आणि रॉथ या दोघांना चिरडल्या जाणाऱ्या फोमच्या हेल्मेटचं पेटंट मिळालं, आणि आपण आज घालतो ते हेल्मेट तत्त्वानं अजून तेच आहे. पूर्वीची कल्पना साधी होती, डोक्याभोवती मऊ काहीतरी असावं. यांनी म्हटलं, मऊ नको, मरणारं हवं. आपण दुकानात आजही मऊपणाच दाबून बघतो!

फिटिंगचा या सगळ्याशी संबंध असा की थर्माकोलनं काम करायला डोकं त्याला आधीपासून चिकटलेलं असावं लागतं. मध्ये पोकळी असेल तर हेल्मेट थांबतं आणि डोकं मात्र आतल्या आत पुढे जात राहतं, मग आदळतं. मिळायचे ते मिलिसेकंद तिथेच वाया. एकदा एका मित्राशी यावरून चांगलीच जुंपली. तो म्हणाला, हल्ली त्या मिप्सवाल्या हेल्मेटमध्ये मुद्दाम आत घसरणारा थर देतात, मग माझं सैल हेल्मेट घसरलं तर काय बिघडलं? प्रश्न चांगला होता, मला लगेच उत्तर सुचलं नाही. मिप्स स्वीडनमधून आलेली कल्पना आहे. तिथे न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातले संशोधक यांनी मिळून ती उभी केली, तिरका मार बसला की मेंदूला बसणारा पीळ कमी करायला आतला एक पातळ थर एखाद-दीड सेंटिमीटर सरकतो. पण हे सरकणं होतं तो थर आणि थर्माकोल यांच्यामध्ये. डोक्याला तो थर घट्टच धरून असतो, सरकणं किती आणि कुठल्या बाजूला हेही ठरवलेलं असतं. सैल हेल्मेट कुठे सरकेल ते कुणीच ठरवलेलं नसतं, बहुतेक वेळा ते सरकतं वर, आणि मग उघडं पडतं कपाळ किंवा मानेचा वरचा भाग. मित्राला हे पटलं का? "बघू" म्हणाला.

स्ट्रॅप लावला की बसेल, हे जे काका म्हणाले ते मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याचं उत्तर मी आता करून दाखवतो. हेल्मेट घालायचं, स्ट्रॅप नीट आवळायचा, हनुवटी आणि पट्ट्याच्या मध्ये एक-दोन बोटं जेमतेम जातील इतका, मग दुसऱ्या कुणालातरी मागून हेल्मेटच्या खालच्या कडेत बोटं घालून वर आणि पुढे ढकलायला सांगायचं. सैल हेल्मेट स्ट्रॅप लावलेला असतानाही कपाळावरून पुढे घसरून डोक्यावरून निघून येतं. लोक दचकतात. स्ट्रॅप हेल्मेटला डोक्याजवळ ठेवतो, जागेवर ठेवत नाही, जागेवर ठेवतं ते माप. चांगल्या मानकांमध्ये हीच ओढून काढायची चाचणी वजन लावून करतात. दोन कड्यांतून पट्टा ओवायचा प्रकार पहिले काही दिवस बोटांना वैताग देतो, हातमोजे घालून तर विचारूच नका, पण दर वेळी तो आपोआप बरोबर आवळला जातो. क्लिक होणारं बकल सोयीचं, फक्त त्याची लांबी अधूनमधून नीट करत राहावी लागते आणि ते कुणी करत नाही.

मी स्वतः दुकानात हेल्मेट घालून अर्धा तास बसतो. पहिल्यांदा फार लाज वाटली होती. लोक बघतात, सेल्समन दोनदा येऊन "झालं का सर" विचारतो, आतून आपल्याला सगळ्यांचे आवाज लांबून येतात आणि बाहेरच्यांना वाटतं हा माणूस कुठल्याही क्षणी उठून जाणार. पण त्या अर्ध्या तासात काय काय कळतं! पहिली दहा मिनिटं गालांचंच चाललेलं असतं, त्यामुळे खरी तक्रार ऐकू येत नाही. मग गाल गप्प होतात आणि कान बोलायला लागतात. एका कानाची पाळी आत दुमडलेली असते, ती सरळ करायला बोट आत घालावं लागतं, आणि घालून सरळ करूनही ती पॅडवर घासत असेल तर तासाभरानं तो कान जळणार हे नक्की. मग चष्मा. चष्मा हेल्मेट घातल्यानंतर आत सरकवायचा असतो, काड्या सरळ असतील तर सुखानं जातो, मागे वळलेल्या जाड काड्या असतील तर कानावर तंगड्या पसरून बसतो आणि कानशिलापाशी असा दाब देतो की आपण हेल्मेटला नावं ठेवतो. काही हेल्मेटमध्ये त्यासाठी अस्तरात खाच असते. चष्मा घरी ठेवून हेल्मेट घ्यायला जाणारे चष्मेवाले मी बघितलेत. केसांचंही तसंच, लांब केस बांधून गाडी चालवणाऱ्या मैत्रिणीनं हेल्मेट मोकळ्या केसांवर बघून घेतलं आणि पहिल्याच दिवशी अंबाड्याला जागा नाही म्हणून कपाळावर ते उचललेलं राहिलं. रोज जसे केस असतात तसेच ठेवून जायचं. शेवटी हेल्मेट काढून लगेच आरशात बघायचं, गालावर हलकी लाली असली तर हरकत नाही, कपाळावर एकच ठळक डाग दिसला तर निमूटपणे परत ठेवून यायचं, रंग कितीही आवडलेला असो.

रस्त्यावर मग आणखी काही गोष्टी निघतात ज्या दुकानात कळायचा फारसा मार्ग नाही. एक म्हणजे आवाज. लोकांना वाटतं तो इंजिनाचा असतो, पण ताशी शंभरच्या आसपास कानाशी जे घोंघावतं ते जवळजवळ सगळं वारा असतं, आणि ते ९० डेसिबलच्या वर अगदी आरामात जातं. बऱ्याच देशांत कारखान्यात ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, त्यावरून अंदाज यावा. लांबच्या प्रवासानंतर जो थकवा येतो, ज्यात समोरच्याशी बोलायचीसुद्धा इच्छा नसते, त्यातला बराच मोठा वाटा या आवाजाचा असतो. हा वारा येतो मुख्यतः मानेपाशी खालून, त्यामुळे गालाचे पॅड आणि मानेकडची कड नीट भिडलेली असेल तर हेल्मेट शांत असतं. म्हणजे फिरून माप आलंच. उरलेल्यासाठी इअरप्लग. दुसरं म्हणजे आपण बसतो कसे. सरळ पाठीनं बसणाऱ्याला जे हेल्मेट छान बसतं तेच पुढे वाकून चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर वरची कड आणून ठेवतं, आणि मग रस्ता दिसावा म्हणून मान मागे मोडून चालवायची. म्हणून मी आता दुकानातल्या खुर्चीवर गाडीवर बसल्यासारखा वाकून समोर बघतो. हसतात लोक, हसू देत. वजनाचा मात्र मी पूर्वीइतका बाऊ करत नाही. चेहरा झाकणारी बरीचशी हेल्मेटं दीड किलोच्या आसपास असतात, शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक हातात जाणवतो पण डोक्यावर ते नीट बसलं असेल आणि वाऱ्यात स्थिर असेल तर जाणवत नाही. हलकं पण डगमगणारं हेल्मेट मानेला जास्त दमवतं.

काकांचं "गुदमरतंय" मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तो त्रास खरा असतो. काच बंद, नाकासमोर चार बोटांवर प्लास्टिक, स्वतःचा गरम श्वास परत तोंडावर, दोन्ही गाल धरलेले, माणूस घाबरतो. अशा वेळी साइज वाढवून श्वासाला काही जास्त जागा मिळत नाही, मिळतो तो फक्त गालांना मोकळेपणा. त्यांना आधी काच उघडी ठेवून घालायला द्यायला हवं होतं. घालतानाही स्ट्रॅपची दोन्ही टोकं धरून बाहेर ताणली की तोंड रुंद होतं आणि कान वाचतात, हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि खरा उपाय तर याहून सोपा होता, टाळू आणि कपाळाला बरोबर बसणारं तेच लहान हेल्मेट ठेवायचं आणि फक्त गालाचे पॅड पातळ घालायचे. बऱ्याच चांगल्या हेल्मेटमध्ये ते बटणावर निघतात आणि वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. पुढचा भाग वर उचलता येणारं हेल्मेटही अशांना मानवतं, जरा जड असतं, आवाजही थोडा जास्त, पण थांबल्यावर हनुवटीसकट वर उचललं की जीव भांड्यात पडतो. चेहरा उघडा ठेवणारं हाफ हेल्मेट घ्या असं मी सांगणार नाही, हनुवटी आणि जबड्यावर पडणारे इतके असतात की त्या मोकळेपणाची भीती वाटते. पण एखाद्याला पूर्ण बंद हेल्मेटमध्ये श्वासच घेता येत नसेल आणि तो शेवटी ते हँडलला अडकवून फिरणार असेल, तर डोक्यावरचं उघडं हेल्मेट हँडलवरच्या बंद हेल्मेटपेक्षा बरं, असंही वाटतं. या दोन वाक्यांचं आपसात पटत नाही हे मला कळतंय. सेल्समनची जागा माझी असती तर मी काय दिलं असतं, अजून ठरत नाही.

माझं हेल्मेट पाच वर्षांच्या पुढे गेलं होतं, बहुतेक कंपन्या तेवढ्यात बदला म्हणतात, आणि अस्तर इतकं बसलं होतं की खड्ड्यात ते एकदा वर उडून परत डोक्यावर यायचं, म्हणून तर मी त्या रांगेत उभा होतो. मनात एक ठरवून गेलो होतो. काळं, मॅट, काच अशी की तिच्यातून जग जरा चित्रपटासारखं दिसतं. घातलं, बसलो. विसाव्या मिनिटाला कपाळाच्या बरोबर मध्ये ते नाणं आलं. मी स्वतःची समजूत घातली, बसेल हळूहळू, दहा मिनिटं आणखी थांबलो, नाणं मोठं झालं. सेल्समननं मग काहीशा नाइलाजानं मागच्या फळीवरून लांबट आकाराचं एक काढलं, माझ्या मापात त्यांच्याकडे ते एकाच रंगात होतं. घातलं आणि कपाळ, टाळू, मागची बाजू, सगळीकडून एकदम सारखं भिडलं, हातानं धरून फिरवलं तर भुवयासुद्धा बरोबर फिरल्या. अर्ध्या तासानं काढलं तर कपाळ कोरं. घेतलं. मधल्या काळात पावसातून, उन्हातून, लांबच्या रस्त्यावरून फिरवून झालंय, गालाचे पॅड एकदा काढून धुवूनही झालेत, कपाळाची काहीही तक्रार नाही. रंग पोपटी आहे, आणि तो मला अजूनही सहन होत नाही.